कार्डिअॅक अरेस्टनंतर शरीर थंड केलं तर बारीक रक्तवाहिन्यांतलं रक्त अडतं का?

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा, की मामांचं हृदय घरीच बंद पडलं, शेजाऱ्यांनी सीपीआर दिला, अॅम्ब्युलन्समध्ये शॉक देऊन हृदय परत सुरू झालं, अँजिओप्लास्टी झाली, आणि मग आयसीयूत त्यांना 24 तास 33 डिग्रीवर ठेवून आता हळूहळू गरम करताहेत. भेटायला गेलात तेव्हा पाय गारठलेले, नखं निळसर, बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मशीन रीडिंगच दाखवेना. तुम्ही स्वतः फार्मसीवाले, त्यामुळे साहजिकच डोक्यात आलं की थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त घट्ट होतं, मग आधीच रक्तावाचून राहिलेल्या मेंदूला आणि किडनीला आपण अजून उपाशी ठेवलं की काय. आणि घरातलं कोणीतरी म्हणालंही, की थंड करूनच सगळी वाट लावली.

आधी सरळ उत्तर देतो. थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात हे खरं आहे आणि मामांचे पाय गार पडण्याचं मोठं कारण तेच असणार. पण बारीक रक्तवाहिन्यांचं मूळ नुकसान होतं ते हृदय बंद असताना आणि परत सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, म्हणजे थंड करणं नीट लागू पडायच्या आधीच. 33 डिग्रीमुळे त्यात मोठी भर पडते असं मोठ्या अभ्यासांतून दिसत नाही. आणि त्याच वेळी हेही खरं की 33 डिग्रीने जेवढा फायदा होतो असं आम्ही आयसीयूतले डॉक्टर बरीच वर्षं समजत होतो तेवढा आता दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो कारण मेंदूकडे ऑक्सिजनचा साठा जवळजवळ नसतोच, आणि काही मिनिटांतच पेशींमधलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपत येतं. एटीपी नाही म्हणजे पेशीच्या आवरणातले पंप बंद, सोडियम आत शिरतं, त्याच्या मागून पाणी शिरतं, पेशी सुजते. आता हे सगळं आपण मेंदूच्या पेशींबद्दल बोलतो पण रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, एंडोथेलियम, तेही पेशींचंच बनलेलं आहे, तेही सुजतं. केशवाहिनीचा व्यास साधारण 5 ते 10 मायक्रॉन आणि लाल पेशी 7-8 मायक्रॉनची, म्हणजे निरोगी माणसातसुद्धा लाल पेशी दुमडून, अंग चोरून तिथून जाते. तिथे अस्तर एक-दोन मायक्रॉन सुजलं तरी रस्ता बंद. शिवाय या अस्तरावर साखर आणि प्रथिनांचा एक मऊ थर असतो, ग्लायकोकॅलिक्स म्हणतात त्याला, तो झडायला लागतो, त्याचे तुकडे रक्तात मोजता येतात. मग उघड्या पडलेल्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटतात, फायब्रिनच्या बारीक गुठळ्या धरतात, आणि अस्तर गळकं झाल्यामुळे पाणी बाहेर झिरपतं ते वेगळंच. मेंदूत अजून एक प्रकार होतो, केशवाहिनीला बाहेरून विळखा घालून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात, त्या रक्तपुरवठा तुटला की आवळतात आणि काही तर आवळलेल्या अवस्थेतच मरतात, 2014 मध्ये उंदरांच्या मेंदूवरच्या कामात हे स्पष्ट दिसलं. म्हणजे वरून रक्त परत आलं तरी ती केशवाहिनी दाबलेलीच राहते.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण मात्र बरंच जुनं आहे. 1968 साली एम्स नावाच्या शास्त्रज्ञाने (आपलं एम्स हॉस्पिटल नव्हे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं थांबवून परत सुरू केला आणि रक्तात काळ्या कार्बनचं द्रावण सोडलं. जिथे रक्त पोचेल तिथला मेंदू काळा व्हायला हवा, पण मध्येमध्ये फिकट पांढरे पट्टे तसेच राहिले, मोठ्या धमन्या उघड्या असूनही. याला नो-रिफ्लो म्हणतात. रक्तपुरवठा जितका जास्त वेळ बंद तितके हे पांढरे भाग जास्त. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, कारण त्या सशांना कोणी थंड करून हे घडवलं नव्हतं, नुसत्या रक्त थांबण्याने ते घडलं.

मग साहजिक विचार आला की बारीक गुठळ्याच आहेत तर विरघळवू या. प्राण्यांमध्ये त्याचे चांगले परिणाम दिसलेही. माणसांमध्ये ट्रोइका नावाच्या ट्रायलमध्ये, 2008 मध्ये ती प्रसिद्ध झाली, हजाराहून जास्त पेशंटना सीपीआर चालू असतानाच टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नुसतं दिखाऊ इंजेक्शन, दिलं आणि फरक शून्य. तुम्ही औषधांच्या क्षेत्रातले आहात म्हणून हे मुद्दाम सांगतोय, कारण बारीक रक्तवाहिन्यांचा प्रश्न नुसत्या गुठळीचा असता तर उत्तर तेव्हाच मिळालं असतं. सूज, आवळलेल्या पेशी, चिकटलेल्या पांढऱ्या पेशी, झडलेला थर हे सगळं एकदम चालू असतं आणि एका औषधाने ते सुटत नाही.

हृदय परत सुरू झाल्यावर मेंदूतल्या रक्ताचं गणितही विचित्र असतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं, अर्धा तास, काही भागांत रक्ताचा लोंढा येतो, गरजेपेक्षा जास्त, कारण रक्तवाहिन्या लुळ्या पडलेल्या असतात. आणि त्यानंतर कित्येक तास, कधी दिवसभर, रक्त नेहमीपेक्षा कमी वाहतं. या दुसऱ्या टप्प्यात आम्ही लोक पेशंटजवळ असतो आणि मॉनिटरवर सगळं छान दिसत असतं.

हे मॉनिटरचं मला जरा नीट सांगायचंय, कारण नातेवाईकांना आम्ही सांगतो "बीपी चांगलं आहे" आणि त्यांना वाटतं रक्त सगळीकडे पोचतंय. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरलेली असते, मेन पाइपला प्रेशर असतं, आणि तरी एखाद्या फ्लॅटच्या आतल्या गंजलेल्या लाइनमुळे तिथल्या नळाला थेंब नसतो, तसं हे आहे. बीपी मेन पाइपचं सांगतं. मामांना बीपीचं इंजेक्शन, नॉरअॅड्रेनलिन, चालू होतं असं तुम्ही लिहिलंय, त्याने मेन पाइपचं प्रेशर वाढतं आणि ते लागतंच, सरासरी बीपी 60-65 च्या खाली जाऊन चालत नाही. पण त्याच औषधाने कातडीतल्या वाहिन्या अजून आवळतात, म्हणजे निळ्या नखांमागे थंडी आणि नॉरअॅड्रेनलिन असे दोघेही आहेत.

मग बारीक वाहिन्यांत खरंच काय चाललंय ते कसं बघायचं? त्यासाठी जाड पेनाएवढा एक कॅमेरा असतो, तो जिभेखाली अलगद टेकवायचा. त्यातून साधारण 530 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टाकतात, हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, त्यामुळे लाल पेशी गडद ठिपक्यांसारख्या दिसतात आणि भिंती दिसतच नाहीत. निरोगी माणसात स्क्रीनवर इतकी सलग धावपळ दिसते की एकेक ठिपका वेगळा काढता येत नाही. शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या, पेशंटमध्ये जाडसर वाहिन्यांत रक्त व्यवस्थित पळताना दिसतं आणि त्याच चौकटीत बाजूच्या बारीक वाहिन्यांत ठिपके नुसते उभे, मध्येच दोन पावलं पुढे सरकतात, परत थांबतात, काही वाहिन्या तर पूर्ण रिकाम्या म्हणून दिसतही नाहीत. प्रवाहाला 0 ते 3 गुण देतात, 0 म्हणजे थांबलेलं, 1 म्हणजे थांबत थांबत, 2 म्हणजे संथ, 3 म्हणजे सलग. जरा जास्त दाबलात तर तुमच्या दाबानेच रक्त थांबतं आणि चुकीचं वाचन येतं, लाळ आणि रक्ताचे बुडबुडे आड येतात, म्हणून हे तंत्र अजून मुख्यतः संशोधनातच राहिलंय. मामांच्या आयसीयूत ते नसेल तर उपचारात काही कमी राहिली असं अजिबात समजू नका.

पण या कॅमेऱ्याने तुमच्याच प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर दिलंय. रॉटरडॅममध्ये कार्डिअॅक अरेस्टनंतर थंड केलेल्या पेशंटचा अभ्यास झाला, 2012 मध्ये छापून आला. थंड असताना बहुतेकांचा बारीक प्रवाह आणि हातापायांचा रक्तपुरवठा बिघडलेलाच होता, पुढे वाचलेल्यांचाही आणि न वाचलेल्यांचाही. गरम केल्यावर मात्र फरक पडला, जे वाचले त्यांचा प्रवाह सुधारला, जे गेले त्यांच्यात तो बिघडलेलाच राहिला. म्हणजे थंड असताना दिसणाऱ्या गार हातापायांवरून मोठ्या माणसात फार काही ठरवता येत नाही, शरीर गरम झाल्यावरही पाय गार आणि गुडघ्यांवर जाळीदार निळे-जांभळे डाग असतील तर मात्र आमच्या कपाळावर आठ्या पडतात. लहान मुलांमध्ये तिथल्याच अभ्यासात थंड असतानाचा बिघाडसुद्धा पुढच्या वाईट निकालाशी जोडलेला दिसला, म्हणून मुलांच्या बाबतीत मी इतकं ठामपणे बोलणार नाही. आणि हे अभ्यास छोटे आहेत, निरीक्षणाचे आहेत, त्यातून नातं कळतं, कारण सिद्ध होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता थंडी स्वतः काय करते ते बघू. तापमान एक डिग्रीने उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण 6-7 टक्क्यांनी कमी होते, म्हणजे 37 वरून 33 ला आणलं तर जवळजवळ पावभाग गरज घटते. रक्ताचा घट्टपणा दर डिग्रीला साधारण 2 टक्के वाढतो, म्हणजे चार डिग्रीला सात-आठ टक्के. रक्तप्रवाहही कमी होतो. पण पुरवठा कमी होण्याबरोबर मागणीही उतरलेली असते आणि पेशीच्या दृष्टीने या दोघांचा मेळ महत्त्वाचा, नुसता पुरवठ्याचा आकडा नाही. म्हणूनच थंड पेशंटची नाडी 40-45 वर आली तरी बीपी आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) ठीक असेल तर आम्ही ती वाढवायला धावत नाही.

तुमची रक्त घट्ट होण्याची भीती समजू शकतो, पण 33 डिग्रीला रक्त गोठत नाही, उलट प्लेटलेट आणि गोठवणारी एन्झाइम्स थोडी संथच होतात आणि रक्तस्रावाची थोडी काळजी घ्यावी लागते, विशेषतः स्टेंटनंतरच्या दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना. घट्टपणा जास्त वाढतो तो वेगळ्या वाटेने. थंड केलं की लघवी भरपूर होते, शरीरातलं पाणी कमी होतं, आणि ते भरून काढलं नाही तर रक्त घट्ट आणि बीपी खाली. म्हणजे पहिल्या दिवशी पिशवीत भरपूर लघवी दिसली म्हणून किडनी मस्त चालतेय असं समजायचं नसतं. पोटॅशियम पेशींच्या आत शिरतं, रक्तातलं कमी दिसतं, आणि गरम करताना तेच बाहेर येतं, म्हणून थंड असताना भरमसाट पोटॅशियम दिलं तर गरम करताना ते धोकादायकपणे वाढू शकतं. साखर वाढते. आणि तुमच्या विषयातलं म्हणजे औषधं साफ होण्याचा वेग मंदावतो, मिडाझोलम आणि फेंटानिल ही झोपेची आणि वेदनेची औषधं बंद केल्यावरही बराच वेळ अंगात राहतात, त्याकडे पुढे परत येतो.

एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही पण मेंदूतल्या बारीक रक्तप्रवाहासाठी ती माझ्या मते पाय गार आहेत की नाहीत यापेक्षा कितीतरी मोठी आहे, ती म्हणजे कार्बन डायऑक्साइड. मेंदूच्या वाहिन्या त्याच्यावर फार हलतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड (तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) 1 मिलिमीटरने उतरला तर मेंदूचा रक्तप्रवाह साधारण 3 टक्क्यांनी उतरतो. थंड शरीर कार्बन डायऑक्साइड कमी बनवतं, म्हणजे व्हेंटिलेटरची सेटिंग तीच ठेवली तर तो आपोआप खाली जातो. वर ब्लड गॅसचं, म्हणजे रक्तातले वायू मोजणारं, मशीन नमुना 37 डिग्रीला गरम करून मोजतं, त्यामुळे कागदावर 40 आलं तरी 33 डिग्रीच्या शरीरात ते 33-34 च्या आसपास असतं. आता कुठला आकडा धरायचा यावर दोन पद्धती आहेत आणि दोन्ही चालतात, पण आयसीयूतल्या सगळ्यांनी एकच धरायला हवी आणि थंड करताना, गरम करताना गॅस परत परत करायला हवा. नकळत जोरात चाललेल्या व्हेंटिलेटरने मेंदूच्या वाहिन्या आवळल्या तर ते नुकसान पायाला हात लावून कधीच कळणार नाही. मग उलट मुद्दाम कार्बन डायऑक्साइड वाढवून मेंदूला जास्त रक्त पोचवलं तर? टेम नावाच्या ट्रायलने 1700 पेशंटमध्ये तेच केलं, 35-45 ऐवजी 50-55 ठेवून, 2023 मध्ये निकाल आला, फायदा नाही. तसंच डेन्मार्कमधल्या बॉक्स ट्रायलने 2022 मध्ये सरासरी बीपी 63 आणि 77 अशी तुलना केली, 789 पेशंट, तिथेही फरक नाही. मेन पाइपचं प्रेशर आणखी वाढवून आतली लाइन मोकळी होत नाही हे त्यातून माझ्या तरी मनात पक्कं बसलं.

थंड करण्याची कल्पना आली कुठून तेही सांगतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये 1950 च्या दशकाच्या शेवटीच अरेस्टनंतर थंड केलेल्या पेशंटचे अनुभव छापून आले होते, पण तेव्हा खूप खाली, 30 ते 32 डिग्रीपर्यंत, नेत असत आणि गुंतागुंत फार, म्हणून ते मागे पडलं. पिट्सबर्गच्या पीटर सफार यांनी पुढे कुत्र्यांवर सौम्य थंडीचं काम केलं आणि परत दार उघडलं. मग 2002 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन ट्रायल आल्या. युरोपातल्या ट्रायलमध्ये 24 तास 32 ते 34 डिग्री ठेवलेल्यांपैकी 55 टक्क्यांचा मेंदू चांगला राहिला, न थंड केलेल्यांत 39 टक्क्यांचा. मेलबर्नच्या 77 पेशंटच्या ट्रायलमध्ये 49 टक्के विरुद्ध 26 टक्के. हे आकडे बघून जगभरच्या आयसीयूंनी थंड करायला सुरुवात केली आणि ते बरोबरच होतं, त्याआधी अशा पेशंटसाठी करण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. मला तर वाटतं या ट्रायलचा सगळ्यात मोठा उपकार हा, की अरेस्टमधून आलेल्या बेशुद्ध पेशंटकडे "बघू, जागा झाला तर झाला" अशी बघायची सवय मोडली.

पण युरोपच्या ट्रायलमधल्या न थंड केलेल्या गटाचं तापमान कोणी धरून ठेवलं नव्हतं, त्यातल्या कित्येकांना ताप चढला. मग प्रश्न उरला की फायदा थंडीचा की ताप न येऊ देण्याचा? 2013 मध्ये टीटीएम ट्रायलने 939 पेशंटमध्ये 33 आणि 36 ची तुलना केली, दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास मृत्यू, फरक नाही. 2021 मध्ये टीटीएम-2 आली, 14 देश, 1900 पेशंट, 33 डिग्री विरुद्ध फक्त ताप रोखणं, सहा महिन्यांनी मृत्यू 50 टक्के विरुद्ध 48 टक्के, आणि थंड केलेल्यांत रक्ताभिसरण बिघडवणारे हृदयाच्या ठोक्यांचे गोंधळ जास्त, 24 टक्के विरुद्ध 17. यातला एक आकडा लोक विसरतात. ज्यांना फक्त ताप येऊ द्यायचा नव्हता त्यांच्यापैकीसुद्धा 46 टक्क्यांना थंड करायचं मशीन लावावं लागलं. म्हणजे "थंड करायची गरज नाही" याचा अर्थ पंखा लावून सोडून देणं असा होत नाही. बाजू दुसरीकडे झुकवणारी एक ट्रायल आहे, फ्रान्समधली हायपेरियन, 2019 ची, ज्यांचं हृदय विजेच्या शॉकने सुरू न होणाऱ्या प्रकाराने बंद पडलं होतं त्यांच्यात 33 डिग्रीला चांगला मेंदू 10.2 टक्के, 37 ला 5.7. मृत्यूंत फरक नव्हता. त्यामुळे काही लोक अशा पेशंटसाठी अजून 33 वापरतात आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही.

एक प्रयोग मात्र साफ बंद झाला, अॅम्ब्युलन्समध्येच दोन लिटरपर्यंत बर्फगार सलाईन सोडून लवकर थंड करणं. सिएटलमध्ये 1359 पेशंटमध्ये करून बघितलं, 2014 चा निकाल, फायदा नाही, उलट हृदय परत बंद पडण्याचं प्रमाण जास्त आणि फुप्फुसात पाणी जास्त.

तर आजची स्थिती अशी की युरोपियन मार्गदर्शक सूचना सांगतात 37.5 च्या वर जाऊ देऊ नका आणि हे 36 ते 72 तास पाळा, अमेरिकन सूचना 32 ते 37.5 मधलं कुठलंही एक ठरवून धरून ठेवा म्हणतात. मामांना 33 वर ठेवलं ते या चौकटीत बसतं. मी असतो तर मामांसारख्या, शॉक देऊन हृदय सुरू झालेल्या पेशंटला बहुतेक 36-37 च्या आसपास ठेवलं असतं, पण ते माझं मत झालं, त्यांच्या डॉक्टरांनी चूक केली असा त्याचा अर्थ काढू नका आणि घरात तसं कोणी बोलत असेल तर थांबवा.

थरथरीबद्दल वेगळं लिहायलाच हवं. शरीर साधारण 36.5 च्या खाली गेलं की कातडी आकसते आणि 35.5 च्या आसपास थरथर सुरू होते. ही दात वाजणारी थरथर नसते, झोपेच्या औषधाखालचा पेशंट शांतच दिसतो. आमच्या चांगल्या सिस्टर काय करतात, तर जबड्याच्या कोपऱ्यावर, मानेवर आणि छातीवर तळहात ठेवून दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहतात, बारीक गुणगुण हाताला लागते. कधी ईसीजीची सरळ रेघ केसाळ दिसायला लागते तेव्हा कळतं. थरथरीने शरीराची ऑक्सिजनची मागणी दुप्पट होऊ शकते, म्हणजे थंडीने जे कमावलं ते सगळं गेलं आणि वर बारीक वाहिन्यांच्या पलीकडल्या पेशींची उपासमार वाढली. म्हणून पॅरासिटामॉल, मॅग्नेशियम, फेंटानिल, डेक्समेडेटोमिडिन, प्रोपोफोल आणि शेवटी स्नायू शिथिल करायचं औषध अशा पायऱ्या चढाव्या लागतात. आणि वाचायला उलटं वाटेल पण पोट-मांड्या थंड करत असतानाच हातापायांना उबदार हवेचं ब्लँकेट किंवा मोजे घालतात, कातडीला ऊब मिळाली की मेंदू थरथरीचा हुकूम कमी देतो.

यावरून एक कळकळीची विनंती. आपल्याकडे पाय गार पडले की सुंठ चोळायची पद्धत आहे, कोणी गरम पाण्याची पिशवी घेऊन येतं. त्यामागची माया मला कळते, पण मामांच्या पायांना काहीही चोळू नका, पिशवी लावू नका. झोपेच्या औषधाखाली असलेल्या माणसाला चटका कळत नाही, आकसलेल्या कातडीत रक्त कमी असल्याने उष्णता वाहून जात नाही, आणि अशा भाजलेल्या जखमा आठवडेच्या आठवडे भरत नाहीत. शिवाय कातडी एकदम गरम केली तर वाहिन्या उघडून बीपी पडतं. पायाला हात लावायचाय, हातात हात घ्यायचाय तर जरूर घ्या, बोला त्यांच्याशी.

बोटावर रीडिंग येत नव्हतं त्याचंही हेच कारण, तिथे नाडीच पुरेशी नाही. अशा वेळी सेन्सर कानाच्या पाळीला लावतात आणि खात्री ब्लड गॅसने करतात. तापमानही काखेत मोजून उपयोग नसतो, कातडी आकसली की काखेतला आकडा आणि आतला आकडा यांत फार अंतर पडतं, म्हणून अन्ननलिकेत किंवा लघवीच्या कॅथेटरमध्ये सेन्सर असतो. छोट्या गावांतल्या, तालुक्याच्या हॉस्पिटलांना मी हेच सांगतो की लाखो रुपयांचं थंड करायचं मशीन नसलं तरी आतल्या तापमानाचा सेन्सर घ्या. बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून काखेत आणि जांघेत, ओली चादर, पंखा, पॅरासिटामॉल यांनी ताप रोखता येतो, फक्त आत किती आहे ते सतत दिसलं पाहिजे, नाहीतर बर्फाने कधी 34 आणि काढल्यावर कधी 38.5 अशी झुलवाझुलवी होते, आणि एकच आकडा धरून ठेवण्यापेक्षा ती वाईट.

गरम करणं घाईने करत नाहीत, तासाला पाव ते अर्धा डिग्री. या वेळात वाहिन्या उघडतात, बीपी उतरतं, पोटॅशियम वर येतं, आणि गरम होऊन झाल्यावर बऱ्याच जणांना ताप उसळी मारतो. मामा आत्ता याच टप्प्यात आहेत. गरम झाल्यावर बारा-चोवीस तासांत पायांना ऊब यावी, गुडघ्यांवर डाग नसावेत, नखावर दाबून सोडलं की रंग दोन-तीन सेकंदांत परतावा, लॅक्टेट उतरत जावं, नॉरअॅड्रेनलिनचा डोस कमी होत जावा. कॅमेऱ्याशिवाय बारीक रक्तप्रवाह बघायचा तो असाच, आणि यातली एकटी कुठलीही खूण धरून बसू नये.

मेंदूबद्दल तुम्ही विचारलं की तिसरा दिवस उजाडला, डोळे उघडत नाहीत, म्हणजे संपलं का? नाही, इतक्यात ठरवायचं नसतं. अरेस्टनंतर किमान 72 तास, आणि थंड केलेल्या, झोपेची औषधं चाललेल्या पेशंटमध्ये औषध अंगातून गेल्याची खात्री होईपर्यंत त्याहूनही जास्त थांबायचं. त्यानंतर डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रतिक्रिया, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, मनगटाच्या नसेला उत्तेजना देऊन मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ती चाचणी, रक्तातलं एनएसई (मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन), सीटी किंवा एमआरआय, असं दोन-तीन वेगवेगळ्या बाजूंनी एकच चित्र येत असेल तरच निष्कर्ष. चौथ्या-पाचव्या दिवशी आणि त्यानंतरही जागे झालेले पेशंट असतात. इथून मी मामांबद्दल हो किंवा नाही सांगू शकत नाही, तसं सांगणं अन्याय होईल.

उद्या भेटायच्या वेळी डॉक्टरांना हे विचारा: आतलं तापमान किती आहे आणि गरम झाल्यावर ताप रोखायचं किती तास चालू ठेवणार आहात, कार्बन डायऑक्साइड कितीवर ठेवलाय, लॅक्टेट आणि बीपीच्या इंजेक्शनचा डोस कुठल्या दिशेने चाललाय, झोपेची औषधं नेमकी कधी बंद केली आणि मेंदूची तपासणी कधी करायचं ठरवलंय. गर्दीने जाऊ नका, घरातलं एकच माणूस रोज बोलू दे आणि तेच माणूस मामींना आणि बाकीच्यांना सांगू दे. उत्तरं इथे लिहिलीत तर मी वाचेन आणि जे कळतंय ते सांगेन.